हरवलेल्या वर्षाचा घाट

तोमास रिव्हेरा ह्यांचे ‘...आणि धरणीने त्याला गिळले नाही’ हे छोटेखानी स्पॅनिश पुस्तक १९७१ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथून प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्याच्या वाट्याला ढोबळमानाने दोन प्रकारचे वाचक आले आहेत. टेक्सासमधील मेक्सिकन शेतमजुरांच्या हालअपेष्टांचा पुरावा म्हणून ते वाचणारा एक वर्ग. आणि त्याची तुटक, कालक्रम झुगारणारी रचना पाहून फॉकनर किंवा हुआन रुल्फो ह्यांच्या पंक्तीत त्याला बसवू पाहणारा दुसरा. पहिल्याला पुस्तकातील मजुरी, मालक, ट्रक आणि ऊन दिसते; दुसऱ्याला निवेदनाचे प्रयोग दिसतात. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. परंतु पुस्तकाची तुटक रचना आणि त्यातील मजुरी ह्या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत, हे दोघांच्याही नजरेतून निसटते. वर्षाचे तुकडे मजुरीच्या व्यवस्थेनेच पाडलेले आहेत. लेखकाने ते सांधून दाखविण्याचे नाकारले, आणि त्या नकारातूनच त्याला घाट सापडला.

मराठी समीक्षेला हा वाद अपरिचित नाही. लालजी पेंडसे ह्यांचे ‘साहित्य आणि समाजजीवन’ १९३५ सालचे आणि मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ सालचे. ह्या दोन टोकांच्या दरम्यान आणि त्यानंतरही साहित्याने समाजाचे काय देणे लागावे ह्याविषयी आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली. त्या सगळ्या चर्चेत एक गृहीत बहुधा दोन्ही बाजूंना मान्य असे. आर्थिक वास्तव हे आशयाच्या खात्यात जमा करावयाचे, आणि घाट ही लेखकाने त्यानंतर करावयाची कामगिरी समजावयाची. रिव्हेरांचे पुस्तक ह्या गृहीतालाच धक्का देते. म्हणून मेक्सिकन शेतमजुरांशी ज्याचा काहीही संबंध नाही अशा वाचकानेही ते लक्षपूर्वक वाचावे असे आहे.

प्रथम हे मजूर कोण, हे नीट समजून घ्यावयास हवे. ‘स्थलांतरित’ हा शब्द त्यांना सरसकट लावला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. टेक्सास १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाले, आणि १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा उत्तर भाग अमेरिकेकडे गेला. त्या प्रदेशातील मेक्सिकन माणसांनी सीमा ओलांडली नव्हती. सीमाच त्यांच्या अंगावरून पुढे गेली होती. त्यानंतर मेक्सिकन क्रांतीच्या काळात आणि पुढे शेती व रेल्वे ह्यांच्या गरजेप्रमाणे लक्षावधी माणसे खरोखरीच सीमा ओलांडून आली. ह्या दोन्ही प्रवाहांची मुले एकाच वस्तीत, एकाच शाळेत आणि एकाच ट्रकमध्ये वाढली. जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्या मजुराकडेही परका म्हणून पाहण्याची सवय ह्यातूनच रुजली.

रिव्हेरा ह्यांचा जन्म १९३५ साली टेक्सासमधील क्रिस्टल सिटी येथे अशाच मजूर कुटुंबात झाला. हे गाव पालकाच्या भाजीसाठी प्रसिद्ध. इतके की, पालक खाऊन बलवान होणाऱ्या पॉपाय ह्या व्यंगचित्रातील खलाशाचा पुतळा १९३७ साली तेथे उभारण्यात आला. पालक खुडणाऱ्याचा पुतळा कोणी उभारला नाही, हे ओघाने आलेच. हिवाळ्यात गावातच काम, आणि वसंत ऋतू संपता संपता घराला कुलूप लावून उत्तरेकडे मिनेसोटा, आयोवा, मिशिगन असा बीट, कांदा, टोमॅटो ह्यांच्या हंगामामागून प्रवास. परत यावयाचे ते थंडी पडू लागल्यावर. मुलांची शाळा उशिरा सुरू होई आणि लवकर संपे. रिव्हेरा स्वतः तरुणपणापर्यंत ह्या फेऱ्यांत होते. पुढे ते प्राध्यापक झाले, आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचे कुलगुरू झाले. १९८४ साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. कादंबरी म्हणता येईल असे हे एकच पुस्तक त्यांच्या हातून पुरे झाले.

ह्या फेऱ्यांचा अर्थ केवळ दारिद्र्य एवढाच नव्हता. कायद्याने त्या मजुराला एका विशिष्ट अर्थाने अदृश्य करून ठेवले होते. कामगारांना संघटित होण्याचा आणि मालकाशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा अमेरिकन कायदा १९३५ चा. त्यातून शेतमजूर वगळले गेले. किमान वेतनाचा कायदा १९३८ चा. त्यातूनही ते वगळले गेले, आणि १९६६ पर्यंत बाहेरच राहिले. १९४२ ते १९६४ ह्या काळात दोन सरकारांतील कराराने मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्याची योजना चालली. तिच्याखाली सुमारे ४६ लाख करारपत्रे झाली. त्या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिश भाषेत ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. मराठीतही कामाला हात कमी पडतात असे आपण म्हणतोच. पण माणसाच्या केवळ बाहूशी करार करून उरलेल्या माणसाला सीमेपलीकडे ठेवण्याची ही युक्ती शब्दातच इतक्या उघडपणे क्वचितच व्यक्त होते. १९५२ सालच्या कायद्याने परवान्याविना आलेल्या माणसाला आश्रय देणे हा गुन्हा ठरविला, परंतु त्याला कामावर ठेवणे म्हणजे आश्रय देणे नव्हे अशी पुस्तीही जोडली. ती पुस्ती १९८६ पर्यंत टिकली. म्हणजे येणारा गुन्हेगार, आणि ज्याच्या शेतात तो राबतो तो निर्दोष. १९५४ मध्ये सरकारने मोठी मोहीम काढून मेक्सिकन मजुरांना हद्दपार केले, तेव्हा ब्रासेरो योजनाही चालूच होती. एका दाराने हाकलावयाचे आणि दुसऱ्या दाराने बोलवावयाचे, हा त्या काळाचा रिवाज होता.

मतदानाचीही हीच तऱ्हा. टेक्सासमध्ये मत देण्यासाठी कर भरावा लागे, आणि तो जानेवारीअखेरपर्यंत भरावयाचा असे. उत्तरेकडून आणलेली शिल्लक ज्या महिन्यांत संपत आलेली असते, नेमक्या त्या महिन्यांत मताची किंमत मोजावयाची. क्रिस्टल सिटीतील बहुसंख्य लोक मेक्सिकन वंशाचे असूनही गावाचा कारभार दीर्घ काळ अल्पसंख्य गोऱ्यांच्या हाती राहिला तो असा. १९६३ साली लोकांनी घरोघर फिरून हा कर भरविला आणि नगरपालिकेच्या पाचही जागा मेक्सिकन उमेदवारांनी जिंकल्या. १९७० मध्ये तेथेच ‘ला रासा उनिदा’ ह्या पक्षाची स्थापना झाली. रिव्हेरांचे पुस्तक ह्या दुसऱ्या घटनेच्या पाठोपाठचे आहे. त्याच वर्षी ‘किंतो सोल’ ह्या चिकानो प्रकाशनसंस्थेने त्याला आपले पहिले पारितोषिक दिले होते.

आणि तरीही पुस्तकात निवडणूक नाही, संप नाही, पक्ष नाही. ही गोष्ट चळवळीतील काही वाचकांना खटकणारी होती आणि आजही खटकू शकते. तिचे उत्तर पुस्तकाच्या रचनेत शोधावे लागते.

पुस्तकाच्या आरंभी एक मुलगा आहे. त्याचे एक वर्ष हरवले आहे. कोणीतरी आपल्याला हाक मारली असे त्याला वाटते. तो वळून पाहतो तर हाक मारणारा तोच असतो. शेवटी तो एका घराच्या खाली, पिसवांच्या सान्निध्यात लपून पडलेला आहे आणि त्याला सारे काही आठवते. ह्या दोन टोकांच्या मध्ये बारा कथा आहेत, वर्षाचे बारा महिने असावेत तशा. आणि कथांच्या आगेमागे अगदी लहान, कित्येकदा अर्ध्या पानाचेही नसलेले प्रसंग. त्यांत कोण बोलतो हे पुष्कळदा कळत नाही. नायकाला नाव नाही, आणि बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनाही नाही. परंतु हे बारा महिने पंचांगाच्या क्रमाने येत नाहीत. कारण ज्याचे वर्ष पंचांगाने नव्हे, पिकाने आणि मालकाच्या बोलावण्याने ठरते, त्याच्या आठवणीला महिन्यांचा क्रम कोठून असणार? महिना हे घरी राहणाऱ्याचे माप आहे.

पहिलीच कथा घ्यावी. उन्हात काम करणारी मुले तहानेने व्याकूळ होऊन गुरांच्या टाक्यावर पाणी प्यायला जातात. मालकाला ते आवडत नाही. मजूर उक्त्यावर नसून तासावर असल्यामुळे वाया जाणारा वेळ त्याचा असतो. एका मुलाला भीती घालावी म्हणून तो बंदूक उडवितो आणि मुलगा मरतो. नंतर दोन माणसे बोलत आहेत: मालकाला वेड लागायची वेळ आली म्हणे, कोर्टातून सुटला म्हणे. कथा दीड-दोन पानांत संपते. ह्यात क्रौर्याचे वर्णन नाही, मालकाला राक्षस केलेले नाही, लेखक कोठेही गहिवरलेला नाही. उक्ते की तासावर, एवढा एकच तपशील त्याने दिला आहे, आणि मृत्यूचे सगळे कारण त्या तपशिलात आहे. दुसरा एखादा लेखक ह्याच घटनेसाठी दहा पाने खर्च करता आणि मजुरीचा प्रकार सांगावयाचे विसरता. अर्थव्यवस्था साहित्यात येते ती अशी. तिच्याविषयी बोलले जाते तेव्हा नव्हे, तर तिच्यावाचून प्रसंग घडूच शकत नाही तेव्हा.

‘लोस केमादितोस’ ह्या कथेतही असेच आहे. शेतात मुले आणलेली मालकाला चालत नाहीत, म्हणून आईबाप त्यांना खोपटात ठेवून कामावर जातात. बापाने मुष्टियुद्धाचा चित्रपट पाहून मुलांसाठी हातमोजे आणलेले असतात. आपला एखादा मुलगा तरी नाव काढील, ही आशा. आग लागते, मुले जळतात, हातमोजे तेवढे शाबूत राहतात. लोक त्या हातमोज्यांच्या टिकाऊपणाविषयी बोलतात. शोकाच्या प्रसंगी माणसे अशीच भलत्याच वस्तूविषयी बोलतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही कथा लिहिता येते.

शीर्षककथेविषयी मात्र अधिक थांबावयास हवे, कारण तेथे भाषांतराचा प्रश्न अर्थाच्या मुळाशी जाऊन भिडतो. बाप आणि धाकटा भाऊ उष्माघाताने आजारी पडलेले. आई नवस करते, मेणबत्त्या लावते. आणि थोरला मुलगा संतापून देवाला शिवी देतो. देवाला शिव्या देणाऱ्याला धरणी गिळून टाकते ही त्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मुलगा क्षणभर थांबतो. पायाखालची जमीन घट्टच राहते. दुसऱ्या दिवशी आजाऱ्यांना उतार पडलेला असतो आणि मुलगा हलक्या मनाने कामावर जातो. पुस्तकाबरोबरच १९७१ मध्ये छापलेल्या इंग्रजी भाषांतरात हे शीर्षक ‘धरणी दुभंगली नाही’ अशा अर्थाने आले. १९८७ मधील दुसऱ्या भाषांतराने ‘गिळंकृत केले नाही’ असा अर्थ पुन्हा आणला. फरक लहान दिसतो, पण आहे मोठा. ‘दुभंगणे’ हे दैवी चमत्काराचे क्रियापद आहे. ‘गिळणे’ हे तोंडाचे. रिव्हेरांच्या मजुराला जमीन खरोखरच खात असते. तिने त्याची मावशी खाल्ली, काका खाल्ला, आता बापाला आणि भावाला घास करू पाहते आहे. मुलाच्या बंडाचा विषय केवळ देव नाही; त्या जमिनीची भूकही आहे.

मराठी भाषांतरकारापुढे येथे वेगळीच अडचण उभी राहते. आपल्या भाषेत धरणी दुभंगते ती सीतेसाठी. ‘धरणीमाये, पोटात घे’ असे म्हणणारे माणूस लाजेने किंवा दुःखाने आश्रय मागत असते. आपली धरणी गिळत नाही, सामावून घेते. म्हणून मराठीत ‘पोटात घेतले नाही’ असे भाषांतर केल्यास ते कानाला गोड लागेल, आणि अर्थाचा नेमका उलटा परिणाम घडवील. जणू काही त्या मुलाला आईने थारा दिला नाही! ‘गिळले नाही’ हे थोडे ओबडधोबड वाटले तरी तेच पत्करले पाहिजे. परक्या साहित्याला आपल्या संस्काराच्या साच्यात अलगद बसविणे ही भाषांतरातील सर्वांत सुखद आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची चूक असते. उलट ‘एंगांचे’ सारखा शब्द आला तर मराठीला शोध करावा लागत नाही. त्याचा मूळ अर्थ गळाला अडकविणे. मजुराला आगाऊ रक्कम देऊन बांधून घेण्याच्या रीतीला तोच शब्द. ऊसतोडणीच्या मुकादमाची ‘उचल’ ज्या भाषेत रोजच्या बोलण्यात आहे, तिला ह्या शब्दासाठी टीप द्यावी लागणार नाही.

रिव्हेरांचे मित्र आणि थोर चिकानो कादंबरीकार रोलांदो हिनोहोसा ह्यांनी ऐंशीच्या दशकात ह्या पुस्तकाचे इंग्रजीत स्वैर रूपांतर केले, आणि तसे करताना खंडांचा क्रमही बदलला. दोघांच्या मैत्रीचा विचार करता त्यात अनादर नव्हता. तरीही हा बदल मान्य करणे कठीण आहे. ज्या क्रमातील गोंधळ हाच अनुभव आहे, त्याला अधिक सुबोध क्रम देणे म्हणजे हरवलेले वर्ष वाचकाला शोधू न देताच सापडवून देणे होय.

नावांचा प्रश्नही असाच महत्त्वाचा आहे. सीमाप्रदेशातील मेक्सिकन लोकांचा जुना काव्यप्रकार म्हणजे ‘कोरिदो’. आपल्या पोवाड्याशी त्याची तुलना सहज सुचते. कोरिदो वीराचे नाव, गाव आणि तारीख सांगितल्यावाचून पुढे सरकत नाही. अमेरिको पारेदेस ह्यांनी १९५८ मध्ये ग्रेगोरिओ कोर्तेसच्या कोरिदोवर जो ग्रंथ लिहिला, त्याने ह्या साहित्याच्या अभ्यासाचा पाया घातला. कोर्तेसची हकीकत १९०१ सालची. टेक्सासमधील एका शेरीफने दुभाष्यामार्फत त्याला विचारले की, तू घोडा विकला-बदललास काय? स्पॅनिश भाषेत घोड्याला आणि घोडीला अगदी वेगळे शब्द आहेत. कोर्तेसने बदलली होती ती घोडी. त्याने प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितले. दुभाष्याला तो भेद कळला नाही. त्यातून गोळीबार झाला, शेरीफ मेला, आणि शेकडो स्वारांना झुकांड्या देत पळणारा कोर्तेस लोकगीताचा नायक झाला. भाषांतराच्या एका चुकीवर उभे असलेले असे वीरकाव्य दुसरे सांगता येणे कठीण.

परंतु रिव्हेरांच्या जगात कोर्तेस नाही. तेथे कोणी घोड्यावर नाही. सगळे ट्रकच्या फळ्यांवर उभे आहेत. नावाने ओळखला जाणारा वीर ही ज्याला स्वतःची जमीन, स्वतःचा घोडा होता त्या पिढीची कल्पना. हंगामी मजुराच्या हजेरीत डोकी मोजतात. म्हणून नायकाला नाव न देणे ही आधुनिकतेची लकब नव्हे. कोरिदोची परंपरा कोठे तुटली ह्याची ती खूण आहे. आणि नावे पुस्तकात एकदाच, फार सुंदर रीतीने परत येतात. बार्तोलो नावाचा एक कवी डिसेंबरात, मजूर उत्तरेकडून परतल्यावर, गावात येतो. त्याच्या कवितांत गावकऱ्यांचीच नावे असतात. तो त्या विकतो आणि मोठ्याने वाचावयास सांगतो. लोकांच्या हाती थोडे पैसे असतात तेव्हाच तो येतो हे रिव्हेरा लपवीत नाहीत. कवितेलाही हंगाम आहेच.

त्याच हंगामात दुसरेही येतात. ‘एल रेत्रातो’ ह्या कथेत सान आंतोनिओहून आलेले विक्रेते कोरियाच्या युद्धात नाहीशा झालेल्या मुलांच्या एकुलत्या एक छायाचित्रांवरून मोठी रंगीत चित्रे करून देण्याचे आश्वासन देतात, पैसे घेतात, आणि छायाचित्रे गटारात फेकून पसार होतात. एक बाप त्या भामट्याला शोधून काढतो आणि चित्र करून घेतोच. छायाचित्र तर नष्ट झालेले. चित्र होते ते आठवणीवरून. शेवटी त्या चित्रातील मुलगा बापासारखा दिसतो. रिव्हेरांचे पुस्तक ‘दस्तऐवज’ आहे असे म्हणणाऱ्यांनी ही कथा पुन्हा वाचावी. दस्तऐवज गटारात गेला आहे.

ह्याच सुमारास लुईस व्हाल्देस ह्यांनी अगदी निराळा मार्ग धरला होता. १९६५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील देलानो येथे प्रथम फिलिपिनो आणि मागोमाग मेक्सिकन द्राक्षमजुरांनी संप पुकारला. तो १९७० पर्यंत चालला. त्या संपातच ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’ ह्या नाट्यमंडळाचा जन्म झाला. उघड्या ट्रकवर, मजुरांनीच मजुरांसाठी केलेले हे छोटे प्रवेश. गळ्यात पाट्या अडकवलेली पात्रे, अतिशयोक्त विनोद. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला त्यांचे मर्म सांगावे लागू नये. त्यांतील ‘किंता तेम्पोरादा’ ह्या प्रवेशात ऋतूच पात्रे होऊन येतात. उन्हाळा येतो तो अंगावर नोटा चिकटवलेला. मजूर त्या तोडतो, मुकादम त्या मजुराकडून काढून घेतो आणि मालक मुकादमाकडून. मग हिवाळा येतो आणि मजुराला गाठतो. पाचवा ऋतू न्यायाचा. ऋतुचक्राकडे आर्थिक यंत्र म्हणून पाहण्याची ही दृष्टी रिव्हेरांच्या दृष्टीशी सख्खी आहे. प्रवेशाची सगळी शक्ती पहिल्या चार ऋतूंत आहे. पाचवा केवळ घोषणा म्हणून येतो. संपाच्या मैदानात ती घोषणा आवश्यकच होती आणि तिने आपले काम केले. पुस्तकाच्या पानावर ती फिकी वाटते, ह्याचा दोष व्हाल्देसांना देता येत नाही. पण दोघांची तुलना केली असता रिव्हेरांनी पाचवा ऋतू का लिहिला नाही हे समजते. त्यांच्याजवळ बाराच महिने होते, आणि तेही हरवलेले.

‘कुआंदो येगेमोस’ ही कथा ह्या दृष्टीने पुस्तकाचे शिखर म्हणावी लागेल. उत्तरेकडे निघालेला ट्रक पहाटे वाटेत बंद पडला आहे. अंधारात उभी असलेली माणसे, एकेकाचे मनातले बोलणे. पोचल्यावर हे करू, पोचल्यावर ते करू. एकाला कर्ज फेडावयाचे आहे, एकाला कंबर टेकावयाची आहे, एकजण नुसता तारे पाहतो आहे, आणि एकजण पोचण्यालाच कंटाळला आहे, कारण पोचणे आणि निघणे त्याला आता सारखेच वाटते. ट्रक हलत नाही. कथाही हलत नाही. कोणाचा आवाज कोणता हे वाचक हळूहळू विसरतो, आणि तरीही प्रत्येक आवाज स्वतंत्र राहतो. समूहाला आवाज देतो असे म्हणणाऱ्या अनेक लेखकांनी प्रत्यक्षात समूहाला एकच आवाज दिलेला असतो. येथे तसे झालेले नाही.

पुस्तक सर्वत्र ह्या उंचीवर टिकते असे मात्र नाही. प्रेमभंगातून वीजघरात मरण पत्करणाऱ्या तरुणाची कथा बरीचशी बेतलेली वाटते. तिच्यातून मजुरीचे गणित काढून घेतले तरी ती तशीच राहील, आणि हाच तिचा दोष. स्त्रिया तर ह्या जगात प्रार्थना करतात, घाबरतात, वाट पाहतात. ‘ला नोचे बुएना’मधील मुलांसाठी खेळणी आणावयास एकटी बाजारात गेलेली, गर्दीत गोंधळून चोर ठरलेली आई सोडल्यास त्यांना आतून फारसे पाहिलेले नाही. ही उणीव भरून निघावयास पुढची पिढी यावी लागली. ग्लोरिया अन्साल्दुआ ह्यांच्या १९८७ मधील ‘बॉर्डरलँड्स’ ह्या ग्रंथाचा त्या संदर्भात नेहमी उल्लेख होतो आणि त्याची वैचारिक कामगिरी मोठी आहे. पण सीमा ही तेथे इतक्या गोष्टींचे प्रतीक होते की, तारेचे कुंपण आणि त्याच्यापाशी उभा असलेला पहारेकरी कधीकधी धूसर होतात.

खरा वारसा एलेना मारिया व्हिरामोंतेस ह्यांच्या ‘अंडर द फीट ऑफ जीझस’ (१९९५) ह्या कादंबरीत आढळतो. एस्त्रेया ही तरुण मुलगी, तिची आई पेत्रा, आणि पेत्राबरोबर राहणारा म्हातारा पेर्फेक्तो. शेतावर विमानातून औषध फवारतात आणि एक तरुण मजूर आजारी पडतो. दवाखान्यातील परिचारिका त्याला तपासते, मोठ्या इस्पितळात न्या म्हणून सांगते आणि त्यांच्याजवळचे शेवटचे नऊ डॉलर आणि वर काही नाणी फी म्हणून ठेवून घेते. मग गाडीत घालावयास पेट्रोल नाही. एस्त्रेया लोखंडी पहार घेऊन परत जाते आणि पैसे मागून घेते. परिचारिका दुष्ट नाही. तिने फीमध्ये सवलतसुद्धा दिलेली आहे. व्यवस्था अशीच वागते: सौजन्याने, सवलत देऊन, शेवटचे नाणे मोजून घेऊन. ‘उक्ते की तासावर’ ह्या रिव्हेरांच्या तपशिलाचा हा सरळ वंशज आहे. आणि मुलांचे जन्मदाखले पेत्राने ठेवले आहेत ते येशूच्या मूर्तीच्या पायाखाली. रिव्हेरांच्या मुलाने देवाला शिवी दिली. येथे देवाला कागदपत्रांचा राखणदार नेमले आहे. दोहोंमधील अंतर चोवीस वर्षांचे. तोपर्यंत कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर प्रथमच संख्येची मर्यादा घातली होती, १९६८ पासून एकंदर १,२०,००० आणि १९७६ पासून देशागणिक २०,०००. पूर्वी जे येणे करारपत्राने होत होते ते आता बेकायदेशीर झाले होते. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यासाठी, आणि ज्यांना जन्मानेच मिळाले होते परंतु ते सतत दाखवावे लागत त्यांच्यासाठीही, कागद हीच मूर्ती झाली.

ह्या वाटेवरचे अगदी अलीकडचे एक पुस्तक कादंबरी नाही, निबंध आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात मध्य अमेरिकेतून एकटी आलेली हजारो मुले अमेरिकेच्या सीमेवर अडविली गेली. मेक्सिकन लेखिका व्हालेरिया लुईसेली ह्यांनी पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन न्यायालयात त्या मुलांसाठी दुभाषी म्हणून काम केले, आणि त्या अनुभवावर २०१७ मध्ये इंग्रजीत ‘टेल मी हाउ इट एंड्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. न्यायालयाच्या छापील प्रश्नावलीत चाळीस प्रश्न. निबंधाची रचनाही त्या चाळीस प्रश्नांचीच. का आलास, केव्हा निघालास, कोणाबरोबर आलास. प्रश्नावलीला क्रम हवा असतो, आणि मुलांच्या बोलण्यात तो नसतो. उत्तर क्रमात बसले तर वकील मिळण्याची आशा. न बसले तर परत पाठवणी. रिव्हेरांच्या मुलाला वर्ष आठवत नव्हते ही त्याची खाजगी व्यथा होती. येथे तेच न आठवणे सरकारी कागदावर जाते आणि त्यावरून निकाल होतो. लुईसेली ह्यांनी प्रश्नावलीचाच घाट उचलला आणि त्यातून तिचे अपुरेपण दाखविले. कोर्तेसपुढे उभ्या असलेल्या दुभाष्याच्या जागी बसून एका शब्दाची चूक काय करू शकते ह्याची त्यांना पुरेपूर जाणीव आहे. पुस्तकाचे नाव त्यांच्या लहान मुलीच्या प्रश्नावरून आलेले आहे. ती सारखी विचारते की त्या मुलांचे पुढे काय झाले, आणि आईला सांगता येत नाही, कारण खटले संपलेले नसतात. त्यात ग्वातेमालाहून आलेल्या पाच आणि सात वर्षांच्या दोन बहिणी आहेत. त्यांची आई अमेरिकेत. तिचा दहा आकडी दूरध्वनी क्रमांक आजीने त्यांना पाठ करावयास लावून पाहिला, पण तो त्यांच्या लक्षात राहीना. तेव्हा आजीने तो त्यांच्या झग्यांच्या गळपट्टीवर शिवून दिला, आणि झगा प्रवासात अंगावरून काढू नका असे बजावले.